वाचक विचारतात : समितीचं पासबुक, विहिरीतली पावडर आणि रांगोळीचा नकाशा

गावाचं आरोग्य गावानेच हातात घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, यावर आलेल्या पत्रांपैकी सहा निवडली आहेत. एकाच अडचणीची पत्रं बरीच होती, म्हणून काही उत्तरं लांबली.

प्रश्न : आमच्या गावात ग्राम आरोग्य समिती आहे आणि मी तिची सदस्य आहे, हे मला दोन वर्षांनी परवा कळलं. वर्षाला दहा हजार येतात म्हणे. त्यातून फिनेल येतं आणि एक फलक लागतो. ही समिती खरीखुरी चालवायची तर सुरुवात कुठून करू?
(ग्रामपंचायत सदस्या, जुन्नर तालुका)

उत्तर : पासबुकापासून करा. समितीचं पूर्ण नाव लांबलचक आहे : ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. बँकेत तिचं स्वतंत्र खातं असतं आणि पैसे काढायला दोन सह्या लागतात. एक बहुधा सरपंचांची किंवा समितीच्या अध्यक्षांची असते, दुसरी अंगणवाडी सेविकेची किंवा आशाताईची. तुमच्याकडे कोणाची आहे, ते बँकेत विचारलं की कळेल. पासबुक भरून आणा आणि गेल्या तीन वर्षांच्या नोंदी एका कागदावर उतरवा : तारीख, रक्कम, कशासाठी, पावती आहे की नाही. पुढच्या बैठकीत तेवढाच कागद वाचा. आरोप करू नका, आवाज चढवू नका. ‘यातलं किती फिनेल अजून कपाटात आहे?’ एवढं मात्र जरूर विचारा.

फिनेल का येतं तेही समजून घ्या. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून महसुली गावामागे वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत अबंधित, म्हणजे कशावर खर्चायचा ते समितीनेच ठरवायचा, निधी मिळतो, पण मागच्या वर्षी जेवढा खर्च झाला तेवढीच भर पडते. खात्यात 6,000 पडून असतील तर नवे 4,000 येतात. मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तालुक्यातून ‘खर्च दाखवा’ असा फोन येतो आणि एका फेरीत मिळेल ते आणलं जातं. फिनेलची पावती लगेच मिळते. त्यावर उपाय एकच : पैसे कशावर जाणार हे एप्रिल-मे महिन्यातच ठरवून लिहून ठेवा.

राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार समितीत किमान 15 जण आणि त्यात निम्म्या तरी महिला हव्यात. नावं भरणं सोपं असतं. खरी गरज तीन-चार कामाच्या माणसांची आहे. नळाला पाणी सोडणारा माणूस, बचत गटातली हिशोबाला पक्की बाई, प्रत्येक वाडी-वस्तीवरचं एक माणूस आणि अपंग किंवा दीर्घ आजारी माणसाच्या घरातलं कोणीतरी. पाणी सोडणाऱ्याला कोणी समितीत घेत नाही, आणि निम्म्या गावाच्या पोटाची चावी त्याच्या हातात असते.

बैठक अंगणवाडीतल्या लसीकरणाच्या दिवसाला, म्हणजे ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिनाला जोडून घ्या. त्या दिवशी सिस्टर आणि आशाताई गावात असतातच, वेगळं निमंत्रण लागत नाही. पाऊण तास पुरतो. आधी मागच्या वेळी ठरलेलं झालं की नाही ते बघा. मग महिन्यातले जन्म, मृत्यू, मोठी आजारपणं, आणि शेवटी पैसे. इतिवृत्त तिथेच लिहा, मोठ्याने वाचा, त्यानंतरच सह्या घ्या. कोऱ्या पानावर आधी सह्या आणि मजकूर सावकाश, ही पद्धत एकदा पडली की समिती गेलीच म्हणून समजा.

खर्चाचा नियम साधा आहे : एकापेक्षा जास्त घरांना उपयोग होईल असंच काम करायचं. निराधार बाई किंवा अगदीच गरीब घर असेल तर तातडीच्या उपचारासाठी किंवा गाडीभाड्यासाठी अपवाद करता येतो. म्हणून दीड-दोन हजार कायम शिल्लक ठेवा. उरलेल्यातून पहिल्या तीन महिन्यांत एक तरी काम येता-जाता डोळ्याला दिसेल असं करा. हातपंपाभोवतीचा फुटलेला ओटा बांधून घेणं, अंगणवाडीचा बंद पडलेला वजनकाटा दुरुस्त करणं चालेल. चकचकीत फलक नको. हिशोब चावडीच्या फळ्यावर खडूने लिहा आणि ग्रामसभेत वाचा.

प्रश्न : पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली की वास येतो म्हणून लोक ओरडतात आणि नाही टाकली की जुलाब सुरू होतात. पावडर टाकणारा जलसुरक्षक म्हणतो, ‘अंदाजाने टाकतो.’ नेमकं मोजमाप सांगा.
(पाणीपुरवठा समिती सदस्य, तुळजापूर तालुका)

उत्तर : टेप, दोरी आणि किराणा दुकानातला लहान वजनकाटा एवढ्यावर भागतं. विहिरीचा व्यास फुटात मोजा. दोरीला दगड बांधून तळापर्यंत सोडा. दोरी जेवढी ओली झाली तेवढी पाण्याची खोली. मग हिशोब असा : व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले 22 म्हणजे लिटर. 12 फूट व्यासाच्या विहिरीत 10 फूट पाणी असेल तर 12 × 12 × 10 × 22, म्हणजे 31,680. धरा 32,000 लिटर.

पावडर ताजी (33 टक्के क्लोरीनची) आणि पाणी नितळ असेल तर 1,000 लिटरला अडीच ग्रॅमवरही भागतं. पण आपल्याकडे पाणी गढूळ आणि पोतं जुनं, हीच नेहमीची परिस्थिती. म्हणून 5 ग्रॅम धरून चाला आणि पुढे सांगितलेल्या ओटी चाचणीने (पाण्यातला क्लोरीन रंगावरून ओळखायची चाचणी) कमी-जास्त करा. वरच्या विहिरीला 160 ग्रॅम लागतील. टाकीचा हिशोब सरळ आहे : 50,000 लिटरच्या टाकीला 250 ग्रॅम.

विहिरीतलं पाणी जूनमध्ये एक आणि सप्टेंबरमध्ये दुसरंच असतं, त्यामुळे एकदा काढलेला आकडा वर्षभर चालत नाही. विहिरीच्या आतल्या बाजूला तळापासून दर दोन फुटांवर ऑइलपेंटचा पट्टा मारा आणि प्रत्येक पट्ट्याशेजारी ग्रॅम लिहून टाका. 12 फुटी विहिरीत दोन फुटांमागे 32 ग्रॅम वाढतात : 32, 64, 96, असं वरपर्यंत. जलसुरक्षक सुट्टीवर असला तरी कोणीही वाकून पाहील आणि तेवढी पावडर तोलेल. असा आकडा भिंतीवर दिसला की ‘अंदाज’ आपोआप बंद होतो, कारण विहिरीवर येणारी प्रत्येक बाई तो वाचते.

आता टाकायची रीत. कोरडी पावडर विहिरीत भिरकावू नका. चुन्याच्या गाठी तळाशी जातात आणि औषध वाया जातं. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात पावडर कालवून आधी लापशीसारखी करा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा. एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको, म्हणजे 160 ग्रॅमला दोन बादल्या. पाच-दहा मिनिटांत चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता. ती बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली, आडवी-उभी हलवा. खाली राहिलेला चुना विहिरीत टाकायचा नाही. त्यानंतर पूर्ण एक तास पाणी उपसायचं नाही. बहुतेक गावांत चूक इथेच होते : पावडर टाकतात सहाला आणि मोटर सुरू होते सव्वासहाला.

तासाभराने ओटी चाचणी घ्या. नळीतल्या पाण्यात ओटीचे थेंब टाकताच पिवळा रंग आला तर मोकळा क्लोरीन आहे. पहिल्या दहा सेकंदांतला रंगच खरा धरायचा. उशिरा येणारा पिवळेपणा म्हणजे क्लोरीन घाणीला बांधला गेला आहे, त्याचा फारसा उपयोग नाही. विहिरीवर किंवा टाकीत साधारण 0.5 आणि गावातल्या शेवटच्या नळाला किमान 0.2 पीपीएम (म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम) क्लोरीन मिळायला हवा. चाचणी शेवटच्या नळावरच घ्या, सरपंचांच्या दारातल्या नळावर नको. चाचणीचं पाणी मोरीत ओता, पिऊ नका.

आता तुमच्या वासाच्या तक्रारीकडे. पावडर नीट मिसळली नाही की पहिल्या दहा घरांना भपकारा येतो आणि शेवटच्या गल्लीत शून्य. शिवाय पाण्यात घाण जास्त असेल तर क्लोरीन तिच्याशी मिसळून जास्तच उग्र वास सोडतो. म्हणजे वास आला म्हणून पावडर कमी करणं हे कित्येकदा उलट औषध ठरतं. आधी गळती शोधा. गटारातून गेलेली पाइपलाइन, पाण्यात बुडालेला व्हॉल्व्हचा खड्डा, आणि नळाला थेट जोडलेले, पाणी ओढणारे छोटे टिल्लू पंप तपासा. पाणी बंद असतं तेव्हा किंवा टिल्लू ओढतो तेव्हा फुटक्या सांध्यातून गटारच आत जातं. तिथे पावडर दुप्पट केली तरी जुलाब थांबत नाहीत.

पोत्याचं म्हणाल तर : उघडं पोतं, दमट खोली आणि ऊन लागणारी खिडकी यांत क्लोरीन उडून जातो. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरण्यात अर्थ नाही. नमुना प्रयोगशाळेत पाठवून टक्केवारी लिहून घ्या, आणि एकदम वर्षाची खरेदी न करता दोन-तीन महिन्यांपुरतीच करा. जल जीवन अभियानात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावातल्या पाच कोण, ते शोधा. शेवटच्या नळाचा आकडा रोज फळ्यावर लिहिण्याचं काम त्यांच्याकडे द्या. पावसाळ्याआधी आणि नंतर आरोग्य खातं पाणी किती सुरक्षित आहे त्यावरून गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतं. ते कशामुळे मिळालं हे गावाला या फळ्यावरून आधीच कळलेलं असेल.

प्रश्न : ग्रामसभेला दहा-बारा पुरुष येतात. वस्तीवरच्या बायका येत नाहीत, आल्या तरी बोलत नाहीत. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं. लोकसहभाग आणायचा कुठून?
(प्राथमिक शिक्षक, पाथर्डी तालुका)

उत्तर : सभेला लोक येत नाहीत तर सभा लोकांकडे न्यावी. जागेपासून विचार करा. देवळाच्या पारावर किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या ओसरीवर जायला काही घरांना आजही जड जातं. बैठक वस्तीवरच घ्या, बाजाराचा दिवस टाळून, भांडी-धुणी आवरल्यावर.

भाषण नको, नकाशा काढा. मोकळ्या जागेत पाणी शिंपडून बायकांनाच रांगोळीने गाव काढू द्या : रस्ता, ओढा, हातपंप, मग प्रत्येक घर. जिथे गरोदर बाई आहे त्या घरावर चिंचोका, दोन वर्षांखालचं मूल असेल तिथे हरभऱ्याचा दाणा, गेल्या वर्षात मृत्यू झाला तिथे खडा, जुलाब झाले तिथे निंबाचं पान. अर्ध्या तासात नकाशावर काहीतरी दिसू लागतं. निंबाची पानं एकाच नळाभोवती जमतात, किंवा चिंचोके ज्या वस्तीवर जास्त तिथे सिस्टरचा पायच पडत नाही. लाजणारी बाई ‘माझं मत’ सांगणार नाही, पण ‘इथे नाही, तिच्या घरी दोन लेकरं हायत’ असं म्हणत दाणा बरोबर सरकवेल. तोच सहभाग. नकाशा लगेच कागदावर उतरवा, शेळ्या येण्याच्या आत.

मग त्याच घोळक्याला विचारा : यातलं आपलं आपण काय मिटवू शकतो? आणि जे उत्तर येईल तेच पहिलं काम धरा, भले त्यात ‘आरोग्य’ हा शब्द नसो. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केलं तेव्हा लोकांना दवाखान्याआधी पाणी आणि धान्य हवं होतं. काम तिथूनच धरलं गेलं. पुढे शेतकरी मंडळं, महिला मंडळं आणि गावातल्याच कमी शिकलेल्या बायका आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभ्या राहिल्या. हातपंपाची जागा दलित वस्तीत धरण्याचा मार्गही तिथे वापरला गेला, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिकडे यावं लागे. जागा कुठे धरायची यात किती काही असतं, ते यावरून दिसतं.

ऊसतोडीचं वेगळं. टोळ्या निघण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास, तीन याद्या करा : जाणाऱ्या गरोदर बायका (अपेक्षित तारखेसह), दोन वर्षांखालची मुलं (पुढच्या लसीच्या तारखेसह), आणि बीपी, साखर किंवा क्षयाच्या गोळ्या चालू असलेली माणसं. प्रत्येक घराचं माता व बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या. ते कार्ड दाखवलं की कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रातही लस मिळते. मुकादमाचा फोन नंबर आणि कारखान्याचं नाव यादीवर लिहा. नाहीतर फेब्रुवारीत कोणाला विचारणार? मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे कोण डोकावणार, हेही त्याच दिवशी ठरवा.

प्रश्न : ‘आशा आहे ना, मग समिती कशाला?’ असं सगळेच म्हणतात. मी आशाच आहे. काय उत्तर देऊ?
(आशा स्वयंसेविका, पालघर जिल्हा)

उत्तर : उत्तर देऊ नका, काम वाटून द्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी तुम्ही बाळाला बघायला जाता, घरी झालं तर पहिल्या दिवशीही. या भेटींचं मूळ गडचिरोलीत आहे. ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं, तेव्हा हजार जन्मांमागे 62 पर्यंत असलेला नवजात मृत्युदर 25 वर आला. हा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला.

हे तपासणं तुमचं, पण गाडी मिळवणं तुमचं एकटीचं नाही. समितीने दोन गाडीवाले ठरवावेत, रात्रीचे नंबर भिंतीवर लिहावेत, 102 किंवा 108 ला उशीर झाला तर भाडं कोणत्या पैशातून द्यायचं ते आधीच ठरवावं. घरातल्या सासूला आणि नवऱ्याला धोक्याच्या खुणा तुम्ही शिकवा : बाळ दूध ओढत नाही, अंग गार लागतं, छातीचा भाता आत ओढला जातो, किंवा शांत असताना मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास. नुसतं सांगू नका, मोबाइलचं घड्याळ लावून त्यांच्याकडूनच एकदा मोजून घ्या.

प्रश्न : आरोग्य केंद्रात औषधं बाहेरून आणायला सांगतात, डॉक्टर कधी असतात कधी नसतात. आम्ही बोललो की भांडण होतं. भांडण न होता कसं करायचं?
(बचत गट अध्यक्षा, धारणी तालुका)

उत्तर : तुमच्या अमरावती जिल्ह्यात याची वाट आधीच पडलेली आहे. आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख महाराष्ट्रात 2007 मध्ये पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती होता. गावकऱ्यांनी ठरलेल्या प्रश्नांवर सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा, तक्ता गावात लावायचा, आणि न सुटलेलं जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचं, अशी ती रीत.

तुमच्यापुरती सुरुवात औषधांपासून करा. दहा औषधं निवडा : पॅरासिटामॉल, ओआरएस, झिंक, लोहाच्या गोळ्या, अमॉक्सिसिलिन, अम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, खरजेचं मलम, कुत्रं चावल्यावरची लस, सर्पदंशावरचं इंजेक्शन. दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी दोघींनी जाऊन औषधनिर्माण अधिकाऱ्यांसोबत साठा बघायचा आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहायचं. ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी सांगून करा, अचानक धाड घालू नका. बाहेरून आणायला लावलेल्या औषधाची चिठ्ठी जपून ठेवा. तक्रारीत तारीख, वेळ, काय सांगितलं आणि किती पैसे गेले एवढं हवंच. ‘नेहमीच असं होतं’ या वाक्याचं कोणीही काही करू शकत नाही.

तीन महिन्यांच्या नोंदी झाल्या की त्यांचे तीन गठ्ठे करा. केंद्रातच सुटणारं : ओपीडीची वेळ, बाकडं, पिण्याचं पाणी, वागणूक. तालुक्यावर सुटणारं : औषधांची मागणी वेळेत न जाणं, बंद पडलेली गाडी. आणि जिल्ह्याच्या वर जाणारं, म्हणजे रिकामी पदं. भांडण होतं ते बहुतेक वेळा तिसऱ्या गठ्ठ्यातला राग पहिल्या गठ्ठ्यातल्या सिस्टरवर काढल्यामुळे. जागा रिकामी असेल तर तीही दोघींचं काम एकटी ओढत असते. गाऱ्हाण्यांची यादी सुनावणीच्या आठ-दहा दिवस आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या. त्यातलं निम्मं सुनावणीआधीच सुटलं तर उत्तमच, आणि ते सुटल्याचंही जाहीर सांगा.

प्रश्न : आमचं मुंबईकर मंडळ गणपतीत गावी सर्वरोग निदान शिबिर घेऊ इच्छितं. पन्नास हजार जमलेत. काय काय ठेवावं?
(डोंबिवली, गाव संगमेश्वर तालुक्यात)

उत्तर : शिबिर नको, असं आमचं स्पष्ट मत आहे. एका दिवसात साठ जणांना ‘तुम्हाला बीपी आहे’ सांगून मंडळी मुंबईला परत जाते, आणि गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात. तिशीपुढच्या लोकांची बीपी-साखर तपासणी आणि महिन्याच्या गोळ्या उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे, मोफत मिळायला हव्यात. वाडीवरून तिथवर जायला गाडी नाही, ही खरी अडचण असते. महिन्यातला एक दिवस ठरवून वाडीवरून रिक्षा किंवा जीप लावून द्या, वर्षभरासाठी. दंडावर बांधायचं चांगलं बीपी यंत्र, मोठ्या मापाच्या जास्तीच्या पट्ट्यासह, घेऊन गावच्या समितीकडे द्या, आणि सेलचे पैसेही मोजून द्या. यंत्रं पडून राहतात ती सेल संपल्यामुळेच. मनगटावर बांधायचं यंत्र घेऊ नका, त्याचा आकडा हाताच्या उंचीप्रमाणे बदलतो.

पण हे सगळं परस्पर ठरवू नका. आधी गावच्या समितीकडून लेखी मागवा की त्यांना काय हवं. त्यांना हातपंप हवा असेल तर हातपंप. आणि एवढं सांगूनही शिबिर घ्यायचंच असेल, तर गणपतीत तरी घेऊ नका. मोदक खाऊन आलेल्या माणसाची साखर तपासून कोणालाच काही कळत नाही.